प्रतिकारशक्तीच्या गोळ्या नकोत, गमबूट हवेत

मे २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट भरात असताना, गोवा सरकारने १८ वर्षांवरील प्रत्येकाला आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध देण्याचे जाहीर केले. १२ मिलिग्रॅमची गोळी, पाच दिवस, लागण झालेली असो वा नसो. हे औषध चाचण्यांबाहेर कोविडसाठी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्चअखेरीसच सांगितले होते. जूनमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही आपल्या उपचार-सूचनांतून ते वगळले. त्याच्या आदल्या वर्षी ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ या होमिओपॅथीच्या गोळ्या राज्यभर वाटायचे ठरले होते. महासाथ ओसरली, सवय मात्र राहिली. औषध दुकानांच्या काउंटरवर जस्त, क जीवनसत्त्व आणि गुळवेलीचे डबे अजून पुढेच मांडलेले असतात, आणि काढा वाटणे हे समाजकार्य मानले जाते.

या सगळ्यामागे एक समजूत आहे: रोगाशी झुंजण्याची ताकद आपल्यात अपुरी आहे आणि ती बाहेरून भरता येते. ही समजूत चुकीची आहे, शिवाय निरुपद्रवीही नाही. धडधाकट माणसाच्या शरीरात जंतूंना अडवणारी यंत्रणा पुरेशी असते. ती कमी पडते तेव्हा बहुतेक वेळा तिला कुठेतरी भोक पडलेले असते. कधी कामामुळे, कधी जुन्या आजारामुळे, आणि वाईट वाटते ते हे की पुष्कळदा औषधामुळेच. गोव्यापुरते बोलायचे तर यातली मोठी भोके कोणती, ती कोणाला पडतात आणि कशी बुजवायची, हे पुरते माहीत आहे. सार्वजनिक पैसा आणि सरकारी माणसांचा वेळ तिकडे जायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

शरीराचा प्रतिकार दोन तऱ्हांनी चालतो. एक विशिष्ट: जंतू ओळखून नेमक्या त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे आणि पेशी तयार करायच्या. नवा जंतू पहिल्यांदा भेटला की याला आठवडा-दीड आठवडा लागतो. लस शिकवते ती याच प्रतिकाराला. दुसरा अविशिष्ट: जन्मापासून असतो, समोरचा जंतू कोणता याची चौकशी करत नाही, आणि काही मिनिटांत किंवा तासांत कामाला लागतो. कातडी, नाक-घशातला शेंबूड, अश्रू आणि लाळेतले लायसोझाइम हे जीवाणू फोडणारे द्रव्य, जठरातले आम्ल, लघवीची धार, आतड्यातले रहिवासी जीवाणू ही त्याची बाहेरची फळी. ती ओलांडून कोणी आत आलेच तर भक्षक पेशी, रक्तातली पूरक प्रथिने, विषाणूंच्या वाढीला खीळ घालणारे इंटरफेरॉन, सूज आणि ताप ही आतली.

ही व्यवस्था फार जुनी आहे. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तर दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. भक्षक पेशींची ओळख तिथून झाली, आणि १९०८ चे नोबेल त्यांना पाउल एर्लिख यांच्याबरोबर मिळाले. या पेशींना परका कसा कळतो, ते पुढे फळमाशी आणि उंदरांवरच्या संशोधनातून उलगडले. त्याचे नोबेल २०११ साली दिले गेले. जंतूंच्या आवरणातले काही रेणू असे असतात की त्यांच्यावाचून जंतूचे चालत नाही आणि आपल्या पेशींत ते नसतातच. भक्षक पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) तेवढेच रेणू टिपतात. आपली अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल, म्हणजे रक्तातल्या भक्षक पेशी, तयार करते, आणि संसर्ग झाला तर उत्पादन स्वतःहून वाढवते. डब्यातल्या गोळीने तिला आठवण करून द्यावी लागत नाही.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीच्या, बांधाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. बांध वर्षागणिक उंच करत नेला म्हणून शेत वाचत नाही. खेकड्याने पाडलेले बोटभर भोक वेळीच दिसले आणि बुजले, तरच खारे पाणी बाहेर राहते.

सुरुवात कातडीपासून. तिचा अगदी वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. तळवे-तळहात सोडले तर त्याची जाडी साधारण १० ते २० मायक्रॉन, म्हणजे कागदापेक्षाही कमी. पेशींच्या मधल्या फटी मेदाने लिंपलेल्या असतात, पृष्ठभागाचा सामू ४.५ ते ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, आणि वर निरुपद्रवी जीवाणूंची दाट वस्ती असते. जुना थर झडून नवा यायला साधारण चार आठवडे लागतात. एवढा पातळ थर असूनही शाबूत कातडीतून आत शिरणारे जंतू अगदी थोडे.

हा थर पाण्यात तासन्तास राहिला की फुगतो, मेद सुटतो, कातडी पांढरी पडून सुरकुतते, आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या, लावणीत माणसे, आणि त्यात बाया जास्त, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोटरीभर चिखलात वाकून असतात. त्याच पाण्यात उंदीर-घुशींची, गुराढोरांची लघवी मिसळलेली असते. तिच्यातला लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जीवाणू ओरखड्यातून, भेगेतून, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून किंवा डोळ्या-नाकाच्या ओल्या अस्तरातून आत जातो. साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि डोळ्यांत लाली दिसते. काही जणांत तो मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसांवर उतरतो आणि जीव घेतो.

इथे कोणता काढा उपयोगी पडणार? भोक पायाला आहे. उपायही पायाशीच करायला हवा, आणि त्यात कष्टाळू तपशील आहे. गटार उपसणारे, गोठ्यात काम करणारे, बागायतीत पाट सोडणारे यांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे लागतात. बुटात पाणी शिरले तर ते तासाभराने ओतून काढावे लागते, नाहीतर अनवाणी पायापेक्षा बुटातला पाय जास्त भिजतो. रात्री बूट उलटा टांगून वाळवावा लागतो. भातलावणीत मात्र गमबूट चिखलात रुततो, पाय काढताना बूट मागे राहतो, म्हणून बाया तो घालत नाहीत. त्यांना अडाणी ठरवून काही साधत नाही. लावणीसाठी वेगळी तजवीज करावी लागते. शेतात उतरण्याआधी पाय निरखून पाहावेत, कापलेले-खरचटलेले असेल तिथे पाणी न शिरणारी पट्टी लावावी. दुपारी जेवायला वर आल्यावर स्वच्छ पाण्याने पाय धुऊन बोटांमधली जागा कापडाने कोरडी करावी आणि तासभर कोरडीच राहू द्यावी. संध्याकाळी साबणाने धुवावेत. चिखल्या असलेल्या माणसाने त्या बऱ्या होईपर्यंत चिखलात न उतरणे उत्तम. ते शक्य नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाबद्दल विचारावे. धोका जास्त असलेल्या दिवसांत प्रौढांसाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि गोळी घेऊन लगेच आडवे न होता. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी देत नाहीत. ही गोळी मी मागतो आहे ती ठरावीक जंतूविरुद्ध, ठरावीक माणसांसाठी, ठरावीक आठवड्यांपुरती. सरसकट प्रत्येकाला वाटप करण्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि ताप आलाच तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे, ‘मी शेतात होतो.’ त्या एका माहितीने उपचार दोन-तीन दिवस आधी सुरू होऊ शकतो.

पायांचा विषय निघाला आहे तर गोव्याचे दुसरे मोठे भोक इथेच सांगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळले: प्रौढांत २६.४ टक्के. म्हणजे चारातल्या एकाहून जास्त. साखर सतत वर, २०० च्या पलीकडे राहिली की न्यूट्रोफिल मंदावतात. जखमेकडे उशिरा पोचतात, जंतूला नीट गिळत नाहीत, गिळला तरी मारायला कमी पडतात. त्यात पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे खडा टोचलेला कळत नाही, आणि रक्तपुरवठाही रोडावलेला असतो. कातडी, पेशी आणि वेदना या तिन्ही राखणी एकाच पायात ढिल्या पडतात.

तपासणी अगदी सोपी आहे. नायलॉनचा एक तंतू मिळतो, तो वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या तळव्यावर ठरावीक जागी तो टेकवायचा आणि कळले का, एवढेच विचारायचे. दोन्ही पायांना मिळून पाच मिनिटे पुरतात, परिचारिका करू शकते, यंत्र लागत नाही. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचे पाय वर्षातून एकदा असे तपासले जावेत आणि बधिर पाय निघाला तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा, हा नियम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पाळला गेला तर तो कुठल्याही काढ्यापेक्षा जास्त प्रतिकारशक्ती देईल. देवळात, मिरवणुकीत अनवाणी चालणे ही श्रद्धेची गोष्ट आहे, तिच्याशी भांडण नाही. पण तळवा बधिर झालेल्या माणसाला तापलेल्या फरशीचा फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी, आणि घरच्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

२०२१ च्या उन्हाळ्यात देशभर काळी बुरशी पसरली, त्यातून हा धडा फार कठोरपणे मिळाला. म्युकरच्या बुरशीचे बीज हवेत, मातीत, शिळ्या भाकरीवर सगळीकडे असते. आपण ते रोज श्वासातून घेतो आणि भक्षक पेशी ते रोज संपवतात. ज्यांची साखर अनावर होती आणि ज्यांना स्टेरॉइड, म्हणजे प्रतिकार आणि सूज दाबणारे औषध, गरजेपेक्षा जास्त किंवा गरज नसताना दिले गेले, त्यांच्या पेशी तेवढ्याने थिजल्या, आणि बुरशी नाकातून डोळ्यापर्यंत आणि मेंदूपर्यंत गेली.

स्टेरॉइडची आणखी एक बाजू आहे, आणि ‘वाढवा, वाढवा’ म्हणणाऱ्यांनी ती नीट पाहावी. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत २०२० साली दिसले की कोविडच्या ज्या रुग्णांना ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागत होता, त्यांच्यात रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने मृत्यू घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. याचा अर्थ असा की त्या गंभीर रुग्णांना मारत होती ती बऱ्याच अंशी स्वतःच्याच प्रतिकाराची बेलगाम सूज, आणि तिला आवर घातल्याने माणसे वाचली. सूज, ताप, पूरक प्रथिने यांना शरीर अखंड लगाम लावून ठेवते, कारण ती शस्त्रे शत्रू-मित्र पाहत नाहीत. सोरायसिस, संधिवात, ल्युपस हे लगाम सुटल्याचेच आजार. म्हणून अविशिष्ट प्रतिकार ‘जास्त’ असणे म्हणजे चांगले असणे नव्हे.

मग गोळ्या-पुड्यांचे काय? ज्याच्या अंगात कमतरता आहे त्याला जस्त किंवा जीवनसत्त्व दिल्याने फायदा होतो, यात वाद नाही. कुपोषित मुलांच्या जुलाबात जस्त देतात ते योग्यच आहे. पोट भरून खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. क जीवनसत्त्व रोज घेतल्याने सर्वसाधारण लोकांत सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही, फक्त झालेल्या सर्दीचे दिवस किंचित, प्रौढांत सुमारे ८ टक्क्यांनी, कमी होतात. जस्त रोज ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असे महिनोन्महिने घेतले तर आतड्यातून तांबे शोषले जात नाही, आणि तांब्याची उणीव झाली की न्यूट्रोफिलच घटतात. प्रतिकार वाढावा म्हणून घेतलेल्या गोळीने प्रतिकाराच्या पेशी कमी होतात. गुळवेलीबद्दल मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती, पण यकृताचा आजार असलेल्याने किंवा शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटण्याची प्रवृत्ती असलेल्याने ती सरसकट पिऊ नये, एवढी सावधगिरी कोणालाही पटावी.

आता औषधाने पाडलेल्या भोकांकडे येतो, कारण ती सर्वांत सहज बुजवता येतील.

पावसाळ्यात जांघेत, काखेत, कमरेला नाडीच्या खाली गजकर्ण उठते. माणूस लाजेने डॉक्टरकडे जात नाही, दुकानात जातो, आणि हातात पडते एक मिश्र क्रीम: बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे जहाल स्टेरॉइड एकाच नळीत. दोन दिवसांत खाज थांबते. थांबणारच, कारण खाज आणि लाली ही कातडीतल्या प्रतिकाराची खूण असते आणि स्टेरॉइड तो प्रतिकारच गप्प करते. बुरशीला मोकळे रान मिळते. नळी संपली की खाज दुपटीने परत येते, कडा पुसट होऊन चट्टा मांडीभर पसरतो, कातडी पातळ होते, तिच्यावर जन्मभर न जाणारे लाल-पांढरे ओरखडे पडतात. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेली काही वर्षे ज्या चिवट, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या गजकर्णाशी झगडत आहेत, त्याला या नळ्यांचा मोठा हातभार लागला आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्राने चौदा स्टेरॉइड क्रीम ‘एच’ अनुसूचीत टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. गोव्यात आज चिठ्ठी न दाखवता अशी नळी मागून पाहा, किती दुकानदार नाही म्हणतात ते कळेल.

योग्य उपचार कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो नीट सांगायला हवा. फक्त बुरशीचे औषध असलेली क्रीम, दिवसातून एकदा किंवा दोनदा, चट्ट्याच्या कडेच्या दोन सेंटिमीटर बाहेरपर्यंत. चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे पुढे. आतले कपडे सुती आणि सैल, रोज बदललेले. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. पावसाळ्यात कपडे दमटच राहतात, तेव्हा घालण्याआधी शिवणीवरून गरम इस्त्री फिरवावी. घरात आणखी कोणाला असेल तर सगळ्यांचा उपचार एकाच वेळी करावा, नाहीतर ते घरातल्या घरात फिरत राहते. चार आठवड्यांत गुण नाही आला, किंवा चट्टे बरेच असले, तर पोटातले औषध लागेल, आणि ते डॉक्टरांनीच ठरवावे. जाता जाता: आंघोळीच्या पाण्यात रोज जंतुनाशक द्रव ओतण्याची जी फॅशन आहे ती कातडीवरची उपयोगी वस्ती मारते आणि तिला कोरडी पाडते. साधा साबण, तोही घाम साचतो तिथे, पुरे.

दुसरे औषधी भोक जठरात. जठरातल्या रसाचा सामू १.५ ते ३.५ असतो, अन्न-पाण्याबरोबर आलेले बहुतेक जीवाणू त्यात मरतात. पटकीच्या जीवाणूवर झालेल्या जुन्या प्रयोगांत असे दिसले की आम्ल शाबूत असताना आजारासाठी कोट्यवधी जीवाणू पोटात जावे लागतात, आणि आम्ल मारून टाकले तर दहा हजार ते दहा लाखही पुरतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या हेच आम्ल दिवसभर दाबून ठेवतात. ज्याला व्रण आहे, जो रक्त पातळ करणारी औषधे आणि वेदनाशामके एकत्र घेतो, त्याला त्या जीव वाचवणाऱ्या आहेत आणि त्याने त्या स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नयेत. पण आपल्याकडे प्रतिजैविकाच्या प्रत्येक कोर्सबरोबर ‘पोट बिघडू नये म्हणून’ ही गोळी लिहिली जाते, आणि चार ते आठ आठवड्यांसाठी दिलेली गोळी माणसे चार-चार वर्षे घेत राहतात. प्रतिजैविकाने आतड्यातली उपयोगी वस्ती विरळ केलेली असते, त्याच वेळी वरचे आम्लही बंद! नळाला गढूळ पाणी येते, हॉटेलातली चटणी सकाळपासून उघडी असते, अशा दिवसांत जुलाबाला याहून सोपी वाट मिळणार नाही. बराच काळ चाललेली गोळी एकदम सोडली तर आम्ल उसळून जळजळ वाढते आणि माणसाला वाटते, गोळीवाचून चालतच नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा निम्मी, मग एक दिवसाआड, अशी उतरवत न्यावी.

फुप्फुसांचे थोडक्यात. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींवर केसासारखे लव असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून शेंबडाचा थर धुळीसकट वर लोटत राहतात. सिगरेटच्या धुराने ते लुळे पडतात. त्याही खाली, वायुकोशांत, भक्षक पेशी असतात, आणि सिलिकाची बारीक धूळ गिळली की त्याच मरतात, म्हणून सिलिकाग्रस्तांना क्षय लवकर गाठतो. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबलेला खाण व्यवसाय आता डिचोलीतून परत सुरू झाला आहे. खडक फोडताना पाण्याची फवारणी, झाकलेले ट्रक, आणि कामगाराच्या तोंडावर रुमालाऐवजी एन-९५ मास्क या अटी पर्यावरणाच्या दाखल्यात जेवढ्या गांभीर्याने लिहिल्या जातात तेवढ्याच गांभीर्याने तपासल्या जाव्यात. पाच मायक्रॉनहून बारीक कण रुमालातून आरपार जातात.

कोणी म्हणेल, मग लशीची गरज काय, कातडी-आम्ल राखले की झाले! नाही. अविशिष्ट प्रतिकाराच्या मर्यादा स्पष्ट आहेत आणि रेबीज हे त्याचे उत्तम उदाहरण. कुत्र्याच्या दाताने कातडी फाटली की विषाणू आत येतो आणि नसांच्या मार्गाने सरकतो. तिथे भक्षक पेशींना त्याचा पत्ता लागेपर्यंत उशीर होतो. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे, घड्याळ लावून, धुवायची. हळद, चुना, तिखट, कॉफीची पूड काहीही भरायचे नाही, आणि त्याच दिवशी लस घ्यायची. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडेसुद्धा. गोव्यात २०१३ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाचे काम चिकाटीने झाले आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. वाट कुठून आहे ते ओळखून तिथेच बंदोबस्त करणे म्हणजे काय, हे याच राज्याने करून दाखवले आहे. मग भातशेतीतल्या पायांसाठी ते का जमू नये?

दुसरा आक्षेप जास्त जाणकार आहे: बीसीजीसारखी, क्षयाविरुद्धची लस अविशिष्ट प्रतिकारालाही तरतरीत करते, मग ‘वाढवता येत नाही’ असे कसे म्हणता? भक्षक पेशींना काही काळ जास्त तत्पर करता येते, हे खरे आहे आणि संशोधन म्हणून ते मोलाचे आहे. पण आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बीसीजीने कोविडपासून संरक्षण दिले नाही. बीसीजीलाच हे जमले नसेल, तर सुंठ-मिऱ्याच्या पुडीवर सरकारी निधी खर्च करायचा तो कशाच्या आधारावर?

तिसरा आक्षेप भावनेचा: काढ्याने निदान धीर तरी येतो. घरी केलेला, आल्याचा, गरम, घोटभर काढा कोणी प्याला तर माझी काहीच तक्रार नाही. घशाला बरेच वाटते. तक्रार आहे ती सरकारने आणि पंचायतीने त्याला संरक्षणाचा दर्जा देण्याबद्दल. संरक्षण मिळाले असे वाटलेला माणूस चिखल्या घेऊन चिखलात उतरतो.

म्हणून मागण्या नेमक्या ठेवतो. कृषी खात्याच्या अनुदानाच्या यादीत अवजारांच्या शेजारी गमबूट, हातमोजे आणि पाणी न शिरणाऱ्या पट्ट्या याव्यात, आणि त्या मेअखेरपर्यंत विभागीय कृषी कार्यालयांतून शेतकऱ्यांच्या हाती पडाव्यात. जुलैत निविदा उघडून उपयोग नाही. लावणीच्या आणि वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) हंगामात आरोग्यसेविकांनी बांधावर जाऊन पाय पाहावेत, आणि डॉक्सिसायक्लिन कोणाला द्यायचे ते त्या केंद्राच्या डॉक्टरांनी त्या यादीवरून ठरवावे. सत्तरी तालुक्यात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळू लागल्यापासून काजूच्या हंगामात गोचिडीबद्दल सूचना दिल्या जातात. त्यात बागेत जाण्याआधी पायांना लावायच्या तेलाबरोबर, चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून कशी काढायची, हेही प्रत्यक्ष दाखवावे. काडीने चटका देऊ नये, रॉकेल ओतू नये. गोचिडीच्या लाळेत सूज दाबणारी द्रव्ये असतात आणि डिवचली की ती लाळ जास्त सोडते. मधुमेहाच्या प्रत्येक बाह्यरुग्ण दिवशी दहा ग्रॅमचा तंतू टेबलावर असावा. आणि अन्न व औषध प्रशासनाने जून ते सप्टेंबर एवढेच चार महिने, साध्या वेशात, चिठ्ठीविना स्टेरॉइडची मिश्र क्रीम मागून पाहावी, विकणाऱ्याचा परवाना ठरावीक दिवसांसाठी निलंबित करावा, आणि कुठल्या तालुक्यात किती दुकाने सापडली याचा तक्ता दर महिन्याला वर्तमानपत्रांना द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. २०१८ ची अधिसूचना आणि निरीक्षकांची फेरी एवढे हाताशी असले की काम याच पावसाळ्यात सुरू होऊ शकते.